पिसे टाकणारी कोंबडी पुस्तकात का नाही?

कोंबडीविषयी आपल्याकडे मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी जे लिहिले, दाखवले आणि शिकवले जाते, त्यातील काही नमुने या लेखात तपासायचे आहेत. निमित्त अगदी साधे आहे. साकीनाका, जरीमरी, खैरानी रोड हा भाग म्हणजे लहानमोठे गाळे, भंगाराची गोदामे, अरुंद गल्ल्या आणि वरून जाणारी मेट्रो. असे असूनही या गल्ल्यांतून चालताना कुठे ना कुठे पिंपाच्या आडोशाला, जिन्याखालच्या खुराड्यात किंवा उलट्या घातलेल्या पाटीखाली कोंबडी भेटतेच. या घरांतील मुले वर्गात कधीतरी विचारतात, ‘आमची कोंबडी पिसे टाकते आहे, अंडीही बंद झाली, तिला काय झाले?’ प्रश्न विज्ञानाचा आहे, मुलाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीवरचा आहे. पण उत्तरासाठी शिक्षकाने हाताशी असलेले साहित्य चाळले, तर त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. घरी मात्र उत्तर तयार असते. कोंबडी आजारी असेल तर पसरायच्या आत, आणि म्हातारी झाली असेल तर वजन उतरायच्या आत कापून टाकावी किंवा विकावी. बहुतेक वेळा कोंबडी आजारीही नसते आणि म्हातारीही नसते.

पहिला नमुना सोन्याच्या अंड्याच्या गोष्टीचा. मूळ ग्रीक कथेच्या काही आवृत्त्यांत ती हंसी आहे, मराठीत तिची कोंबडी झाली. रोज एक सोन्याचे अंडे देणारी कोंबडी लोभी मालक कापतो आणि पोटात काहीच सापडत नाही. लोभाविषयी गोष्ट जे सांगते त्याच्याशी आमचे भांडण नाही. सोन्याचे अंडेही आम्ही मान्य करतो, गोष्टीला तेवढी मुभा असतेच. पण ‘पोटात काहीच सापडत नाही’ हे वाक्य मात्र घरात गावठी कोंबडी कापली जाताना पाहिलेल्या कोणत्याही मुलाला खटकावे. अंड्यावर असलेली कोंबडी कापली तर आत पिवळ्या बलकांचा घोस दिसतो. एक जवळजवळ पूर्ण वाढलेला, त्याखालोखाल जरा लहान, मग बोराएवढा, वाटाण्याएवढा, मोहरीएवढा. उद्याचे, परवाचे, तेरवाचे अंडे रांगेत उभे असते. हा डाव्या बाजूचा अंडाशय होय. उजव्या बाजूचा कोंबडीत वाढतच नाही. हीच कोंबडी पिसे टाकत असताना कापली तर तो घोस आक्रसून बारीक दाण्यांचा झालेला दिसेल. मोठे होऊ घातलेले बलक शरीराने परत शोषून घेतलेले असतात. दाणे मात्र हजारोंनी शिल्लक असतात. म्हणजे अंडी संपलेली नसतात, काम थांबलेले असते. गोष्टीतल्या मालकाला एवढे शरीरशास्त्र माहीत असते तर त्याने सुरी बाजूला ठेवली असती, आणि गोष्ट तिथेच संपली असती हेही खरे.

‘रोज एक’ हा शब्दप्रयोग या गोष्टीतून थेट अंकगणितात उतरला आहे. एक कोंबडी रोज एक अंडे देते, तर बारा कोंबड्या तीस दिवसांत किती देतील? गणित म्हणून त्यात दोष नाही, पण विज्ञानाच्या तासाला त्याची उलटतपासणी करून पाहण्यासारखी आहे. बलक अंडनलिकेत उतरल्यावर त्याभोवती पांढरे जमायला सुमारे तीन तास लागतात, आतले पातळ पापुद्रे चढायला सव्वा तास, आणि कवच तयार होण्यास वीस तासांच्या आसपास. बेरीज पंचवीस तासांच्या घरात जाते. अंडे घातल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो. दोन अंड्यांत साडेपंचवीस तासांचे अंतर धरले, तर सोमवारी सकाळी सातला अंडे देणारी कोंबडी मंगळवारी साडेआठला देईल, बुधवारी दहाला, गुरुवारी साडेअकराला, शुक्रवारी एकला, शनिवारी अडीचला. पुढचे अंडे दुपार उलटल्यावर यायला हवे. पण बलक सुटण्याचा इशारा देणारे संप्रेरक रात्रीच्या ठराविक तासांतच उसळते. ती वेळ हुकली की एक दिवस खाडा, आणि मालिका पुन्हा सकाळपासून सुरू. वर्गात कोणाच्या घरी कोंबडी असेल तर आठवडाभर अंड्याच्या वेळा लिहून आणायला सांगाव्यात. आकडे इतके नेटके येणार नाहीत, पण अंड्याची वेळ दिवसेंदिवस पुढे सरकणे आणि मग खाडा पडणे हे दिसते.

दुसरा नमुना जाहिरातीचा. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ साली स्थापन झाली, आणि वार कोणताही असो, अंडी रोज खा, असे सांगणारी तिची जाहिरात दूरदर्शन पाहत मोठ्या झालेल्या पिढीला तोंडपाठ आहे. तिचे श्रेय आधी द्यायला हवे. स्वस्त आणि उत्तम प्रथिने सामान्य माणसाच्या ताटात आणण्यात या मोहिमेचा वाटा आहे, आणि अंड्याला हंगाम नसतो हा तिचा मुद्दा खाणाऱ्याच्या दृष्टीने खराही आहे. मात्र ज्याला हंगाम नाही ते अंडे आहे, कोंबडी नव्हे. अंडे बारमाही झाले ते कोंबडीचा हंगाम काढून घेतल्यामुळे. व्यापारी शेडमध्ये दिव्यांच्या साहाय्याने दिवस सोळा तासांचा केला जातो, खाद्यात प्रथिने आणि चुना मोजून घातला जातो, आणि साधारण ७२ ते ८० आठवड्यांच्या वयात, अलीकडे त्याहून थोडे पुढे, सगळा कळप एकदम विकून नवा भरला जातो. म्हणजे पिसे टाकून विश्रांती घ्यायची वेळ येण्याच्या सुमारास कोंबडीच उरत नाही. शहरातील ग्राहकाने पिसे टाकणारी कोंबडी कधी पाहिलेली नसते याचे कारण हेच. जाहिरातीत ती नाही याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. जाहिरातीचे ते काम नव्हे. आमची तक्रार एवढीच, की पाठ्यसाहित्यानेही जाहिरातीतलीच कोंबडी उचलली.

कळप विकण्याऐवजी दुसरी वाटही आहे, आणि तिच्याविषयी आपल्या शालेय लिखाणात अवाक्षर नसते. कळपातील सर्व कोंबड्यांना एकाच वेळी पिसे टाकायला लावायची, म्हणजे पुढचा अंड्यांचा हंगाम सगळ्यांचा एकदम सुरू होतो. यासाठी दिवे कमी करून आठवडा ते दोन आठवडे खाद्य पूर्ण बंद ठेवण्याची पद्धत जगभर रूढ होती. कोंबडीचे वजन पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटते, अंडी थांबतात, पिसे जातात आणि खाद्य सुरू केल्यावर काही आठवड्यांनी अंडी पुन्हा सुरू होतात. जीवशास्त्राच्या दृष्टीने ही विश्रांती खरीच असते. अंडनलिका आक्रसते, पुन्हा वाढते, नंतरच्या अंड्यांचे कवच सुधारते. पण ती कोणत्या मार्गाने मिळवली, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत १९९० च्या दशकातील प्रयोगांत असेही दिसले, की उपाशी ठेवलेल्या कोंबड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हे जंतू जास्त प्रमाणात बाहेर पडतात. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ मध्ये उपाशी ठेवून पिसे टाकायला लावण्याची पद्धत बंद करण्यास कुक्कुटशाळांना सांगितले, आणि भारतीय विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांची निगा आणि वाहतूक याच विषयावर दिला. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना विज्ञान आणि नागरिकशास्त्र एकत्र वाचायला देण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

तिसरा नमुना कुक्कुटपालनाच्या पुस्तिकांचा. यावर जरा जास्त थांबावे लागेल, कारण चुकीचा सल्ला गरिबाच्या दारापर्यंत पोहोचतो तो यांच्यातून. एरवी या पुस्तिका उपयुक्त असतात. खुराडे कसे असावे, मानमोडीची लस केव्हा द्यावी, हे त्यांत नीट सांगितलेले असते. मुंबईकरांना तर हा विषय परका नाही. साकीनाक्यापासून फार दूर नसलेल्या आरे वसाहतीत केंद्र सरकारने कुक्कुटपैदास केंद्र उभारले होते. पण पिसे टाकण्याचा विषय आला की या पुस्तिकांमध्ये दोन दोष हमखास दिसतात.

पहिला दोष उसनवारीचा. ‘शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की कोंबड्या पिसे टाकतात’ हे विधान इंग्लंड-अमेरिकेतील पुस्तकांतून जसेच्या तसे आलेले आहे. त्यामागील शास्त्र बरोबर आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले, की पक्ष्यांना दिवसाची लांबी केवळ डोळ्यांनी कळत नाही; कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचणारा प्रकाशही प्रजननसंस्थेला जागे करतो. दिवस मोठा झाला की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथी अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके सोडतात, दिवस घटू लागला की ती ओसरतात, आणि पिसांच्या नूतनीकरणाला वाट मिळते. पण लंडनला जूनमधील दिवस सुमारे साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमधील आठ तासांहूनही किंचित लहान असतो. मुंबईत हेच आकडे सुमारे सव्वातेरा आणि अकरा आहेत. साडेआठ तासांचा फरक आणि सव्वादोन तासांचा फरक यांना एकच नियम लावून कसे चालेल? आपल्याकडे सगळ्या कोंबड्या एकाच पंधरवड्यात पिसे टाकत नाहीत. पावसाळा सरता सरता अनेक जणी टाकतात, पण एखादी उन्हाळ्यातील काहिलीने, एखादी खाणे तुटल्याने, एखादी पिल्ले काढून उठल्यावर टाकते. साकीनाक्यात तर आणखी एक घोळ आहे. अंड्यासाठी कोंबडीला लागणारा उजेड अगदी मंद असला तरी चालतो. ज्या गल्लीत गाळ्याची ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत जळते आणि पुढे रस्त्याचा दिवा असतो, तिथल्या खुराड्यातील कोंबडीला दिवस किती तासांचा वाटत असेल? व्यापारी शेडवाला जे पैसे मोजून करतो ते इथे फुकट होते, पण शेडमधील खाद्य मात्र इथे नसते. दिवा ‘अंडी दे’ म्हणतो, आणि ताटलीत शिळा भात व पावाचे तुकडे असतात. अशा कोंबडीची पिसे वेळीअवेळी, अर्धवट गेली तर नवल नाही.

पाळीव कोंबडीच्या ऋतुमानाविषयी एक नवी गोष्ट या पुस्तिकांत अजून आलेली नाही. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की जवळजवळ सगळ्या पाळीव कोंबड्यांत ‘टीएसएचआर’ नावाच्या जनुकाचे एक विशिष्ट रूप आढळते. पक्ष्यांमध्ये दिवसाची लांबी आणि प्रजनन यांना जोडणाऱ्या यंत्रणेत हे जनुक काम करते. रानटी पूर्वजाचे ऋतूचे कडक बंधन माणसाळताना सैल झाले, त्याच्याशी याचा संबंध असावा असे मानतात. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, गावठी कोंबडी पन्नास ते ऐंशीपर्यंत, आणि व्हाइट लेगहॉर्नचे व्यापारी वाण तीनशेच्या पुढे. बंधन सैल झाले, तुटले नाही. सह्याद्रीत राखी रानकोंबडा पावसाळ्यात आपली मानेवरची दिमाखदार पिसे टाकून काही महिने साध्या वेशात राहतो. मोरही पावसाळा संपता संपता पिसारा टाकतो. ती पिसे आपण गोळा करून पुस्तकात ठेवतो आणि मोर आजारी आहे असे कोणी म्हणत नाही.

दुसरा दोष शब्दांचा आहे, आणि तो आम्हाला जास्त गंभीर वाटतो. पिसे टाकणाऱ्या, अंडी न देणाऱ्या कोंबड्यांना पुस्तिका ‘अनुत्पादक’ म्हणतात आणि त्या ‘काढून टाकाव्यात’ असा सल्ला देतात. हजार कोंबड्यांना विकतचे खाद्य घालणाऱ्याला हा सल्ला परवडतो. दोन कोंबड्या असलेल्या घरात त्याचा अर्थ निम्मा कळप गमावणे असा होतो. त्यातही मौज अशी, की खुद्द कुक्कुटशास्त्राचेच जुने निरीक्षण याच्या उलट आहे. लवकर पिसे टाकायला लागणारी आणि महिनोन्‌महिने रेंगाळत टाकणारी कोंबडी अंड्याला बेताची असते. उत्तम अंडी देणारी उशिरापर्यंत अंडी देत राहते, आणि मग एकदम, भराभर पिसे टाकून दोन-अडीच महिन्यांत पुन्हा उभी राहते. एकदम टाकल्यामुळे तीच सगळ्यांत भकास दिसते. दिसण्यावरून निवड करणारा माणूस आपली सर्वांत चांगली कोंबडी खाटकाकडे पाठवतो.

ती ‘अनुत्पादक’ असते म्हणजे नेमके काय करत असते, याचा हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. सव्वा किलोच्या गावठी कोंबडीच्या अंगावर वजनाच्या सहा टक्के पिसे धरली तर ती पंचाहत्तर ग्रॅम होतात. पीस म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के केराटिन हे प्रथिन. म्हणजे सुमारे सदुसष्ट ग्रॅम प्रथिन नव्याने घडवायचे. गावठी कोंबडीच्या लहान अंड्यात पाच ग्रॅम प्रथिन असते असे धरू. तेव्हा नवा पिसांचा झगा हा तेरा-चौदा अंड्यांच्या बरोबरीचा झाला. गावठी कोंबडी एका खेपेला साधारण तेवढीच अंडी घालून खुडूक बसते. तिने एक खेप अंगावर घातली, एवढाच याचा अर्थ. शिवाय केराटिनला गंधकयुक्त अमिनो आम्ले अंड्याच्या मानाने फार जास्त लागतात, त्यामुळे खरा खर्च या आकड्याहून मोठाच आहे. कवचासाठी हाडांतून वेळोवेळी उसना घेतलेला चुनाही याच काळात पुन्हा जागेवर बसतो. भात आणि पाव यांतून हे सगळे उभे राहत नाही. जवळा किंवा सुकट निवडताना उरलेला चुरा, शेंगदाण्याची पेंड, डाळीची चुनी यांपैकी काहीही मूठभर मिळाले तर पिसे लवकर भरतात. पुस्तिकेत ‘प्रथिनयुक्त समतोल आहार द्यावा’ एवढेच लिहिलेले असते. ते कोणाला उपयोगी पडणार?

शब्दांवरून आणखी एक गोष्ट. कोंबडीच्या बाबतीत मराठी काही दरिद्री भाषा नाही. अंड्यावर न आलेली ती तलंग, अंडी उबवायला हटून बसलेली ती खुडूक. पिसे बदलणाऱ्या कोंबडीला मात्र असा एका शब्दाचा मान मिळालेला नाही. ‘पिसे गळणे’ म्हटले की केस गळण्याची आठवण होते आणि आजाराची शंका येते. परिभाषेतला ‘निर्मोचन’ हा शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर कोणी उच्चारत नाही. ‘पिसे टाकणे’ हा घरगुती प्रयोग आम्हाला त्यातल्या त्यात शास्त्राला धरून वाटतो, कारण जुने पीस आपोआप सुटून पडत नाही, खालून उगवणारे नवे पीस त्याला बाहेर ढकलते. पुस्तकांनी तोच उचलावा. शब्द नसल्याने खुडूक कोंबडी आणि पिसे टाकणारी कोंबडी यांची गल्लतही होते. दोघींची अंडी बंद असतात. पण खुडूक कोंबडी खुराड्यातून हलत नाही, अंग फुलवते, जवळ गेले तर चोच मारते. पिसे टाकणारी कोपऱ्यात गप्प असते आणि हात लावू देत नाही, कारण नव्या पिसांच्या दांड्यांत रक्त असते व त्या दुखतात. खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुचकळण्याचे किंवा काही ठिकाणी नाकात पीस खुपसण्याचे जे उपाय लोक करतात, ते मुळातच क्रूर आहेत. पिसे टाकणाऱ्या कोंबडीवर ते झाले तर क्रूर तर खरेच, शिवाय निरर्थकही.

आजार कोणता आणि विश्रांती कोणती, हे ओळखण्याची रीत मात्र शिक्षकाला ठाऊक हवी. आजाराने किंवा उवांनी जाणारी पिसे कुठूनही, कशीही जातात. सहकारीण टोचत असेल तर पाठ आणि शेपटीचा बुडखा उघडा पडतो. नैसर्गिक पिसे टाकण्याला क्रम असतो. डोके, मग मान, मग छाती आणि अंग, शेवटी पंख आणि शेपूट. तुरा आक्रसून फिका पडतो, पण कोंबडी दाणे टिपते, डोळे स्वच्छ असतात, विष्ठा घट्ट असते. कोंबडी मलूल असेल, मान वाकडी धरत असेल, हिरवट हगत असेल, तर ही चर्चा बाजूला ठेवून तिला वेगळे करावे आणि पशुवैद्याला दाखवावे.

पंख वाचणे हा यातला सर्वांत आनंदाचा भाग. कोंबडीला न दुखवता एकाने काखेत धरावे आणि दुसऱ्याने पंख हलकेच पसरावा. मधोमध एक आखूड पीस दिसते. त्याच्या बाहेरच्या बाजूला, टोकाकडे, उड्डाणाची दहा मोठी पिसे असतात. टाकणे सुरू होते ते आखूड पिसाला लागून असलेल्यापासून, आणि क्रम टोकाकडे सरकतो. नवे पीस पूर्ण वाढायला सुमारे सहा आठवडे लागतात. सावकाश टाकणारी कोंबडी साधारण दोन आठवड्यांना एक पीस टाकते, भराभर टाकणारी एकदम दोन-तीन. तेव्हा कोणते पीस किती वाढले आहे हे पाहून सुरुवात कधी झाली आणि ती पुन्हा अंड्यावर केव्हा येईल, याचा अंदाज पाचवीतले मूलही करू शकते. वहीत तारीख, दहा पिसांची आखणी, त्या दिवशीचे खाणे आणि गल्लीतला दिवा रात्री किती वाजता बंद झाला, एवढी चार कलमे लिहावीत. मुंबईच्या अक्षांशावर, रात्रभराच्या उजेडात, शिळ्या अन्नावर जगणारी गावठी कोंबडी वर्षात नेमकी केव्हा पिसे टाकते, हे पुस्तिकेतल्या उसन्या शरद ऋतूपेक्षा या वह्यांतून जास्त खरे कळेल. एका शाळेत अशा पाच वह्या जमल्या तरी पुढच्या वर्षीच्या वर्गाला तुलनेसाठी काहीतरी हाती राहील.